पुंजयामिकी आणि परिस्थितिविज्ञान

पुंजयामिकीत (अणू व त्याहून सूक्ष्म कणांच्या वर्तनाच्या शास्त्रात, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समध्ये) विकसित झालेल्या संकल्पना व गणिती साधने जीवसमुदायांच्या अभ्यासात, म्हणजे परिस्थितिविज्ञानात (इकॉलॉजीत), वापरण्याचे प्रयत्न. त्यांना अद्याप स्वतंत्र ज्ञानशाखेचे रूप आलेले नाही. या विषयात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या जातात : पुंजयामिकीच्या अंगाने वाढलेले गणित जीवसंख्येतील बदलांना लावणे, सजीवांच्या शरीरात प्रत्यक्ष घडणाऱ्या पुंज परिणामांचा त्यांच्या जीवनक्रमावर होणारा प्रभाव तपासणे, आणि अनिश्चितता, परस्परपूरकता यांसारख्या कल्पना दृष्टांतादाखल योजणे. सर्वांत भरीव काम पहिल्या प्रकारात झाले आहे. तिसऱ्यातून कसोटीला लावता येईल असे विधान क्वचितच निघते, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही. पुराजीववैज्ञानिक जी. जी. सिम्पसन यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या ‘क्वांटम उत्क्रांती’चाही पुंजयामिकीशी संबंध नाही.

यादृच्छिक आव्यूह : युरेनियमासारख्या जड अणुकेंद्रातील कणांच्या परस्परक्रिया इतक्या जटिल असतात, की ऊर्जापातळ्या एकेक करून गणिताने काढणे अशक्यप्राय ठरते. यूजीन विग्नर यांनी १९५० नंतरच्या दशकात वेगळा मार्ग धरला. अणुकेंद्राचे वर्णन करणाऱ्या आव्यूहातील (ओळी व स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीतील) घटक यादृच्छिक मानायचे आणि त्याच्या आयगेन मूल्यांचे (आव्यूहाच्या वैशिष्ट्यदर्शक मूल्यांचे; येथे ती ऊर्जापातळ्या दर्शवतात) केवळ सांख्यिकीय वितरण पाहायचे, असा तो मार्ग होता. मोठ्या सममित आव्यूहांसाठी हे वितरण अर्धवर्तुळाकार येते, हा त्यांचा प्रसिद्ध निष्कर्ष. या विषयाची पद्धतशीर मांडणी भारतीय वंशाचे भौतिकीविज्ञ मदनलाल मेहता यांच्या १९६७ मधील ग्रंथात आढळते.

ऑस्ट्रेलियात सैद्धांतिक भौतिकीचे शिक्षण घेतलेले रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील एका छोट्या लेखात हीच दृष्टी जीवसमुदायाला लावली. विविधता वाढली की समुदाय अधिक स्थिर होतो, असे परिस्थितिवैज्ञानिक रॉबर्ट मॅकआर्थर (१९५५) व चार्ल्स एल्टन (१९५८) यांच्या लेखनामुळे तेव्हा सर्वसाधारणपणे मानले जाई. मे यांनी समतोल स्थितीजवळ एका जातीचा दुसरीवर होणारा परिणाम आव्यूहात मांडला, प्रत्येक जातीचे स्वनियंत्रण एक या मूल्याचे धरले आणि उरलेले घटक यादृच्छिक घेतले. जातींची संख्या एस, दोन जातींमध्ये संबंध असण्याची संभाव्यता सी आणि संबंधांची सरासरी तीव्रता सिग्मा मानल्यास, एस आणि सी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला सिग्माने गुणल्यास येणारी संख्या एकापेक्षा कमी असेल तरच समुदाय जवळजवळ निश्चितपणे स्थिर राहतो. १०० जाती आणि ०·१ संभाव्यता असताना तीव्रतेची मर्यादा सुमारे ०·३२ येते. जाती ४०० झाल्या की ती निम्मी, म्हणजे सुमारे ०·१६ होते. विविधतेमुळे स्थैर्य आपोआप येत नाही, हे इतक्या थोडक्या गणिताने दाखवून देणारा दुसरा लेख परिस्थितिविज्ञानात सापडणे कठीण.

या कल्पनेच्या उगमाविषयी मात्र एकवाक्यता नाही. ती विग्नर यांच्याकडून सरळ मे यांच्याकडे आली, असे बहुधा सांगितले जाते. या मताला तीन हरकती आहेत. पहिली, यादृच्छिक आव्यूहांचा अभ्यास जॉन विशार्ट यांनी १९२८ मध्येच संख्याशास्त्रात केला होता. दुसरी, जोडण्या वाढल्या की मोठ्या प्रणाली एकाएकी अस्थिर होतात, हे मार्क गार्डनर व रॉस ॲश्बी यांनी १९७० मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवले होते, आणि मे यांचा लेख त्याच निरीक्षणाला सैद्धांतिक आधार देतो. तिसरी हरकत तांत्रिक, पण सर्वांत महत्त्वाची आहे. विग्नर यांचे आव्यूह सममित असतात, जीवसमुदायाचे नसतात : वाघाचा हरणावर होणारा परिणाम आणि हरणाचा वाघावर होणारा परिणाम सारखे नसतात. असममित आव्यूहाची आयगेन मूल्ये सदसत् प्रतलावर (वास्तव व काल्पनिक भाग असलेल्या संख्या दाखवणाऱ्या प्रतलावर) वर्तुळात पसरतात, त्यामुळे येथे अर्धवर्तुळाचा नव्हे तर वर्तुळाचा नियम लागू पडतो. त्याचे एक रूप झां जिनिब्र यांनी १९६५ मध्ये दिले; अगदी व्यापक अटींखालील सिद्धता टेरेन्स टाओ व व्हान वू यांच्या कामातून २०१० च्या सुमारास पूर्ण झाली. हे ध्यानात घेता, प्रश्न ॲश्बी यांच्या प्रणालीविचारातून आला आणि साधन अणुकेंद्र भौतिकीतून, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्टेफानो अलेसिना व सी टँग यांनी २०१२ मध्ये संबंधांचे प्रकार वेगळे केले. भक्ष्य-भक्षक जोड्यांमुळे स्थैर्याची मर्यादा सैल होते, तर परस्परसाहाय्य व स्पर्धा यांमुळे ती आवळते, असे त्यांना आढळले.

निर्मिती-विलोपन कारक : मासाओ डोई (१९७६) व लुका पेलिती (१९८५) यांनी पुंज क्षेत्र सिद्धांतातील निर्मिती व विलोपन कारक (कणांची संख्या एकाने वाढवणाऱ्या व घटवणाऱ्या गणिती क्रिया) अभिजात, म्हणजे पुंज परिणाम नसलेल्या, कणसमूहांना लावले. जन्म म्हणजे एका कणाची निर्मिती, मृत्यू म्हणजे विलोपन आणि शिकार म्हणजे एकाचे विलोपन होत असतानाच दुसऱ्याची निर्मिती, अशी ही भाषा आहे. उवे टॉयबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जालकावरील (चौकटींच्या जाळीवर मांडलेल्या) लोटका-व्होल्टेरा या भक्ष्य-भक्षक प्रतिमानाला लावून संख्येतील यादृच्छिक चढउतारांचा प्रभाव तपासला. येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. पुंजयामिकीत संभाव्यता तरंगफलनाच्या वर्गातून मिळते, या पद्धतीत समीकरण थेट संभाव्यतेचेच असते. म्हणून व्यतिकरण (तरंगांनी एकमेकांना बळ देणे वा पुसून टाकणे) उद्भवत नाही. लांडगा एकाच वेळी जिवंत आणि मृत असतो, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

सजीवांतील पुंज परिणाम : या बाबतीत सर्वाधिक चर्चा युरोपीय रॉबिन या स्थलांतरी पक्ष्याची होते. वोल्फगांग व रोझविता विल्चको यांनी १९७२ मध्ये दाखवले, की हा पक्षी चुंबकीय क्षेत्राचे उत्तर-दक्षिण टोक ओळखत नाही, क्षेत्ररेषांचा कल ओळखतो. क्लाउस शुल्टन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्यासाठी मूलकजोडीची यंत्रणा सुचवली : प्रकाशामुळे निर्माण झालेल्या दोन मूलकांतील (एकाकी इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंतील) इलेक्ट्रॉनांच्या परिवलनांचा (स्पिनचा) परस्परसंबंध पृथ्वीच्या क्षीण क्षेत्रानेही बदलतो आणि त्यानुसार रासायनिक विक्रियेचा परिणाम बदलतो. डोळ्यातील क्रिप्टोक्रोम हे प्रथिन त्याचे स्थान असावे, ही सूचना २००० मधील. रॉबिनच्या क्रिप्टोक्रोम-४ वर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम २०२१ मध्ये परीक्षानळीत दिसला. जिवंत पक्ष्याच्या दृष्टिपटलात हेच घडते याचा पुरावा अजून अपुरा आहे. मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या कणांवर आधारलेला पर्यायी सिद्धांतही पूर्णपणे मागे पडलेला नाही.

परिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रयोग ओल्डेनबुर्ग विद्यापीठाचा (२०१४) आहे. शहरातील विद्युत् उपकरणांतून निघणाऱ्या, सुमारे ५० किलोहर्ट्‌झ ते ५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील क्षीण गोंगाटाने रॉबिनची दिशा हरपत असे. भूसंपर्कित ॲल्युमिनियमच्या आवरणात ती पुन्हा सापडे. यंत्रणा कोणतीही ठरो, स्थलांतरमार्गावरील शहरांचा विचार करताना हे निरीक्षण डावलता येणार नाही.

प्रकाशसंश्लेषणातील दावा तितका टिकला नाही. हरित गंधक जीवाणूंच्या प्रकाशग्राही प्रथिनसंकुलात ७७ केल्विन तापमानाला २००७ मध्ये आढळलेली दीर्घकालीन स्पंदने इलेक्ट्रॉनीय पुंजसुसंगतीची (इलेक्ट्रॉनांच्या अनेक पुंज अवस्था परस्परांशी ताल राखून एकत्र असण्याची) मानली गेली. २०१७ नंतरच्या मोजमापांनुसार ती मुख्यतः रेणूंच्या कंपनांची असावीत.