एका राज्याची 20 मते, वाटायच्या तीन तऱ्हा

2012 सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पेन्सिल्व्हेनिया राज्यात डेमोक्रॅट बराक ओबामांना जवळपास 52 टक्के मते मिळाली, रिपब्लिकन मिट रॉम्नींना साडेशेहेचाळीसच्या आसपास. राज्याची 20 च्या 20 इलेक्टोरल मते, म्हणजे अध्यक्ष प्रत्यक्षात निवडणाऱ्या निर्वाचकांची मते, ओबामांच्या पदरात पडली. आता तेच मतदान मतदारसंघनिहाय मोजू. राज्यातल्या काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) 18 मतदारसंघांपैकी 13 मध्ये रॉम्नी पुढे होते. प्रत्येक मतदारसंघाचे एक मत तिथल्या विजेत्याला आणि उरलेली दोन राज्यभरात पहिल्या आलेल्याला दिली, तर रॉम्नी 13, ओबामा 7. राज्य हरलेल्याला जवळजवळ दुप्पट! टक्केवारीने वाटली, तर साधारण 9-11.

कारण सोपे आहे. ओबामांची मते फिलाडेल्फियासारख्या शहरांत गठ्ठ्याने होती. तिथे ऐंशी टक्के मिळाली तरी मतदारसंघ एकच जिंकता येतो. शिवाय सीमा आखल्या होत्या रिपब्लिकनांनी. संपूर्ण देशात ही मतदारसंघ पद्धत असती, तर सुमारे 50 लाख मतांनी मागे असलेले रॉम्नी 274-264 असे निवडून आले असते.

हे ठरवते कोण? प्रतिनिधिगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन, इतकी इलेक्टोरल मते राज्याला मिळतात. ती द्यायची कशी, हे राज्यघटनेने राज्याच्या विधिमंडळावर सोडले आहे. साउथ कॅरोलिनात तर 1860 पर्यंत जनतेला विचारतच नसत. विधिमंडळच निर्वाचक नेमून मोकळे होई.

‘जिंकेल त्याला सगळी’ ही आजची सर्रास पद्धत घटनेत कुठेच नाही. ती आली हिशेबातून. 1796 मध्ये व्हर्जिनियात मतदारसंघ पद्धत होती. अध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस जेफरसन यांना तिथली 20 मते मिळाली, एक प्रतिस्पर्धी जॉन ॲडम्सकडे निसटले, आणि ॲडम्स 71-68 असे जिंकले. 1800 साली व्हर्जिनियाने कायदा बदलला. सगळी 21 मते जेफरसनना. मतदारसंघ पद्धत सगळ्यांनी पाळली तर उत्तम, पण बाकीची राज्ये गठ्ठा टाकत असताना आपणच विभागून देणे मूर्खपणा, असे जेफरसन यांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहिले होते. आजही कोंडी हीच आहे: पहिल्यांदा वाटणी करणारे राज्य आपल्याच सत्ताधारी पक्षाची मते घालवते.

टक्केवारीची पद्धत कानाला न्याय्य वाटते, पण लहान राज्यात ती भलतीच बोथट ठरते. चार मते असतील, तर दुरंगी लढतीत 2-2 मोडायला साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावे लागते. तिथे प्रचाराला फिरकणार कोण? आणि तिसऱ्या उमेदवाराने चार-दोन मते उचलली, की जिंकायला लागणारी 270 मते कुणालाच गाठता येत नाहीत. मग निवड प्रतिनिधिगृहात जाते, राज्यागणिक एक मत.

विभागून देणारी राज्ये दोनच: मेन (1972 पासून) आणि नेब्रास्का (1992 पासून). सप्टेंबर 2024 मध्ये नेब्रास्काच्या रिपब्लिकनांनी ओमाहा शहराच्या मतदारसंघाचे एक मत डेमोक्रॅटांकडे जाऊ नये म्हणून कायदा बदलायची खटपट केली. वेळ नेमकी साधली होती. मेनमध्ये साधा कायदा अधिवेशन संपल्यावर 90 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे तिथल्या डेमोक्रॅटांना उलट डाव टाकायला दोन तृतीयांश बहुमत लागले असते. नेब्रास्काच्या विधिमंडळात मात्र 49 पैकी लागणारे 33 सदस्य जमेनात. नोव्हेंबरमध्ये ओमाहाचे मत हॅरिसना गेले, मेनच्या दुसऱ्या मतदारसंघाचे ट्रम्पना.