मेटच्या पडद्यामागची १३८ वर्षं

२७ सप्टेंबर २०२१. कोविडमुळे दीड वर्ष बंद असलेलं न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा, म्हणजे ‘मेट’ हे ऑपेरागृह, उघडलं ते कृष्णवर्णीय संगीतकार टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या ‘फायर शट अप इन माय बोन्स’ या ऑपेराने, म्हणजे संगीतनाट्याने. तिसऱ्या अंकात कॉलेजातली कृष्णवर्णीय पोरं बुटांचे ठोके, टाळ्या आणि अंगावरच्या थापा एवढ्यावरच नाचतात. त्या रात्री नाच थांबला, पण टाळ्या थांबेनात; खेळ पुढे सरकेना. १८८३ साली सुरू झालेल्या मेटमध्ये कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा होण्याची ही पहिलीच वेळ.

मग तोवर कुणी लिहीतच नव्हतं का? लिहीत होते की! स्कॉट जॉप्लिनने ‘ट्रीमोनिशा’ हा ऑपेरा १९११ मध्ये पदरमोड करून छापला; तो रंगमंचावर पूर्ण उभा राहिला १९७२ मध्ये, जॉप्लिन जाऊन ५५ वर्षं झाल्यावर. विल्यम ग्रँट स्टिलची सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, १९३१ मध्ये रोचेस्टरला वाजली, पण मेटने त्याचा एकही ऑपेरा घेतला नाही.

फ्लॉरेन्स प्राइसचं प्रकरण तर जिवाला लागतं. १९३३ मध्ये ‘शिकागो सिंफनी’ या वाद्यवृंदाने तिची पहिली सिंफनी वाजवली. दहा वर्षांनी तिने बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे कंडक्टर कुसेवित्स्की यांना, आपल्या रचना बघाव्यात म्हणून पत्र लिहिलं. त्यात आपण बाई आहोत आणि कृष्णवर्णीय आहोत, या दोन अडचणी तिने सुरुवातीलाच सांगून टाकल्या. उपयोग झाला नाही. १९५३ मध्ये ती गेली. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट अ‍ॅन गावात एका पडक्या घराची डागडुजी करताना कागदांचे गठ्ठे सापडले. घर एके काळी तिचंच. गठ्ठ्यांत तिचे व्हायोलिन कन्चेर्टोही (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) होते.

जॅझ चार जण जमले की कुठल्याही बारमध्ये वाजतं. सिंफनीला साठ-ऐंशी वादक, सभागृह आणि तालमींचा पैसा लागतो. तो ज्यांच्या हातात, त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय ती कागदावरच राहते. खरी गोम इथे आहे.

१९९७ मध्ये सुरू झालेल्या स्फिंक्स या संस्थेने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलामुलींना तंतुवाद्यांच्या स्पर्धा आणि मंच मिळवून दिले. तिथूनच पुढे आलेली व्हायोलिनवादक जेसी माँटगोमेरी २०२१ मध्ये शिकागो सिंफनीची निवासी संगीतकार झाली. हो, प्राइसला वाजवणारीच शिकागो सिंफनी.

ब्लँचर्ड मूळचे जॅझचे ट्रम्पेटवाले, स्पाइक ली यांच्या सिनेमांचे संगीतकार. न्यू ऑर्लिन्सच्या घरात वडील हौसेने ऑपेरा गात. मेटने ब्लँचर्ड यांचा ऑपेरा करायचं २०१९ मध्येच जाहीर केलं होतं. हंगामाच्या उद्घाटनाचा मान मात्र २०२० मध्ये, पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर देऊ केला. घाई कशाची होती, हे सांगायला नकोच.

कृष्णवर्णीय संगीतकार अँथनी डेव्हिस यांना आणखी थांबावं लागलं. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्यावरचा त्यांचा ऑपेरा ‘एक्स’ १९८६ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेराने केला, तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. सिटी ऑपेराचं तेव्हाचं थिएटर आणि मेट एकाच लिंकन सेंटरच्या चौकात. तो चौक ओलांडून ‘एक्स’ मेटमध्ये पोचला २०२३ मध्ये. डेव्हिस तेव्हा ७२ वर्षांचे होते.