फणसाच्या रंगाचा क्रीपर: रिसोर्स पॅक की मॉड?

"मामा, मी क्रीपरचा मॉड टाकला!" भाचा ओरडला. बघितलं तर गड्याने टाकला होता रिसोर्स पॅक. क्रीपर म्हणजे माइनक्राफ्ट या गेममधला, जवळ येऊन फुटणारा हिरवा राक्षस. या गेमच्या कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनमध्ये हा घोळ सर्रास होतो, कारण दोन्ही नेटवरूनच उतरवायचे आणि दोन्हींनी गेमचा चेहरा बदलतो.

रिसोर्स पॅक म्हणजे चित्रं, आवाज, मॉडेलं यांचं गाठोडं, बहुधा झिप केलेलं. २०१३ च्या १.६ आवृत्तीआधी याला टेक्श्चर पॅक म्हणायचे. आतल्या फोल्डरांत क्रीपरचं चित्र सापडतं, ६४ बाय ३२ पिक्सेलचं. सोलून सपाट पसरलेल्या कातड्यासारखं, इथे तोंड, तिथे पाय. आम्ही ते बसून फणसासारखं रंगवलं. मग गेममध्ये एक फणस चालत आला, फुस्स झालं आणि घराची भिंत गेली. फुटायचं कधी आणि किती जोरात, हे चित्रात नसतंच. ते गेमच्या कोडमध्ये असतं.

मॉड हात घालतो तो तिथे. त्याची जार फाइल असते, आत कम्पाइल केलेला जावा कोड. गेम ती आपणहून उघडत नाही, आधी फोर्ज किंवा फॅब्रिक हा लोडर बसवावा लागतो. गेम सुरू होताना लोडर मॉडचा कोड मूळ कोडमध्ये गुंफतो. मग क्रीपर कुत्र्यासारखा मागेमागेही फिरेल! पण आवृत्ती बदलली की गुंफण उसवते: १.२०.१ चा मॉड १.२१ वर बहुधा चालतच नाही. जुना पॅक कुरकुरत का होईना, चालून जातो.

मॉड म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारा परका प्रोग्रॅम, हेही पोरांना सांगा. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज या मॉड उतरवायच्या साइटवरच्या काही मॉडमधून 'फ्रॅक्चरायझर' हे मालवेअर पसरलं होतं, लॉगिनची माहिती चोरणारं.

मित्रांबरोबर सर्व्हरवर खेळताना फणस फक्त भाच्याला दिसतो, मित्रांना नेहमीचाच हिरवा क्रीपर. नवे ब्लॉक आणणारा मॉड मात्र सर्व्हरवर आणि प्रत्येकाकडे हवा.

आता भाच्याला क्रीपर मेल्यावर गरे पडायला हवेत. त्याला मॉड लागत नाही. २०१८ च्या १.१३ पासून डेटा पॅक आहेत. कोणता प्राणी मेल्यावर काय टाकेल, ते त्यातल्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतं. गेममध्ये गरे नाहीतच, म्हणून आम्ही कलिंगडाची फोड लिहिली. ती पिवळी रंगवायला पुन्हा रिसोर्स पॅकच उघडलाय.