उलटं भरलेलं शीड

अनपेक्षित प्रश्नाने एखाद्याची भंबेरी उडाली की इंग्रजीत तो ‘टेकन अबॅक’ झाला असं म्हणतात. दचकून एक पाऊल मागे सरकणाऱ्या माणसावरून हे आलं असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण या शब्दप्रयोगात माणूस फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात शिरला. त्याआधी ‘अबॅक’ व्हायची ती जहाजं, म्हणजे वारा समोरून येऊन त्यांची शिडं उलटी, मागच्या बाजूला भरायची. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 1754 सालच्या शोधपत्रिकेत या अर्थाचं एक वाक्य आहे: जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवलं तर ते ‘टेकन अबॅक’ होईल आणि डोलकाठ्या मोडायचा धोका ओढवेल.

वारा समोरून आला तर जहाज फार तर थांबेल, डोलकाठी कशाला मोडेल? याचं उत्तर मला फार आवडतं.

त्या काळच्या मोठ्या युरोपीय जहाजांची मुख्य शिडं चौकोनी असत. डोलकाठीच्या पुढच्या बाजूला आडवा वासा, आणि त्याला टांगलेलं शीड. वारा मागून किंवा बाजूने आला की शीड पुढे फुगतं आणि डोलकाठीला पुढे ओढतं. त्यामुळे डोलकाठीला धरून ठेवणारे बहुतेक दोरखंड तिच्या दोन्ही बाजूंना, जरा मागे, जहाजाच्या काठांना बांधलेले असत. पुढच्या बाजूचा आधार म्हणजे मधोमध ताणलेले मोजकेच दोर. मुंबईत वाडियांनी 1817 साली बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन केलेलं आहे. त्याचे फोटो पाहिलेत तर डोलकाठ्यांच्या बाजूंची दोरांची दाट जाळी आणि पुढचे विरळ दोर हा फरक लगेच दिसेल.

आता वाऱ्याचा दाब पाहू. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि इथे मोजायचा तो जहाजाला जाणवणारा वेग. समजा, मागून सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा आहे आणि जहाज 4 मीटर वेगाने पुढे चाललं आहे. शिडाला जाणवणारा वारा फक्त 6 मीटरचा. दाब दर चौरस मीटरला साधारण 2 किलो वजनाइतका. आता तोच वारा अचानक समोरून आला. जहाजाचं वस्तुमान शेकडो टन, ते काही क्षणात थांबत नाही. त्यामुळे जाणवणारा वेग होतो 10 अधिक 4, म्हणजे 14 मीटर. 14 चा वर्ग 196 आणि 6 चा 36. दाब पाचपटींहून जास्त! 200 चौरस मीटरच्या शिडावर मघाशी अर्ध्या टनाहून कमी ओढ पुढे होती. आता जवळपास अडीच टनांचा रेटा मागे, आणि तोही अडवायला दोर कमी असलेल्या दिशेने. त्यात उंच डोलकाठी एकसंध नसे. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असे तुकडे जोडलेले असत. वरचे तुकडे आधी जात.

डोलकाठ्या टिकल्या तरी संकट संपत नसे. जहाज मागे सरकू लागलं की सुकाणूचा परिणाम उलटा होतो आणि पाण्याचा मार त्याच्या बिजागऱ्यांवर येतो.

वारा इतका अचानक फिरतो कसा? गडगडाटी ढगातून थंड, जड हवा खाली कोसळते आणि पाण्यावर आदळून चहूकडे पसरते. तिची कड ओलांडली की वाऱ्याची दिशा मिनिटभरात बदलू शकते. मे महिन्यात वळीव येण्याआधी दारं-खिडक्या आपटवणारा जो गार झोत येतो, तो हाच.

इथे एक सांगायला हवं. ‘इंग्रजी शब्दांमागचा थक्क करणारा इतिहास’ अशा फॉरवर्डमध्ये हरेक शब्द जहाजावर नेऊन बसवलेला असतो. ‘पॉश’ हा शब्द इंग्लंड-मुंबई बोटीच्या तिकिटांवरच्या आद्याक्षरांवरून आला, ही गोष्ट सगळ्यात लाडकी. तसं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही. जुन्या छापील नोंदी सापडतात का, हे पाहिल्याशिवाय अशी व्युत्पत्ती पुढे पाठवू नये.

‘अबॅक’च्या बाबतीत मात्र त्या सापडतात, आणि 1754 च्याही मागे जातात. 1697 च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये एक जण लिहितो की त्याने आपली मुख्य डोलकाठीवरची शिडं ‘अबॅक’ केली. म्हणजे मुद्दाम! मधल्या, म्हणजेच मुख्य डोलकाठीचं एक शीड उलटं फिरवायचं आणि बाकीची सरळ भरलेली ठेवायची. पुढची ओढ आणि मागचा रेटा एकमेकांना खोडतात आणि भर समुद्रात, नांगर न टाकता, जहाज जवळजवळ जागीच राहतं. होडी पाण्यात सोडायची ती अशा वेळी. वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी जातानाही हीच युक्ती होती. तोंड वाऱ्यातून पलीकडे न्यायच्या क्षणी पुढच्या डोलकाठीची शिडं उलटी भरू देत, मग वाराच जहाजाचं नाक पलीकडे ढकलत असे. तेवढ्यात खलाशी मागच्या डोलकाठ्यांवरचे वासे ओढून नव्या बाजूला फिरवत, आणि पुढचे सगळ्यात शेवटी.