विनोदी प्रसंग, चित्रपटातील : लेखन व मांडणी (नागपूर परिसर)

चित्रपटातला विनोदी प्रसंग कुणाला काय ठाऊक आहे यावर उभा राहतो. पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असते, किंवा नेमक्या क्षणापर्यंत ते प्रेक्षकापासूनही दडवलेले असते. चित्रपट जन्मला त्याच सुमारास हे तंत्र पडद्यावर आले. ल्युमिएर बंधूंच्या १८९५ मधील एका छोट्या चित्रफितीत माळी बागेला पाणी घालत असतो. मागून एक पोरगा नळीवर पाय देतो, पाणी थांबते. माळी नळीच्या तोंडात डोकावतो आणि पोरगा पाय उचलतो. माळी आणि पोरगा दोघेही एकाच चौकटीत दिसत राहतात, म्हणून हसू येते.

नागपूरच्या लेखकाला या कामाची शिदोरी घराजवळच मिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे टिंगल करणारे मोठे पुतळे, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणालाही सोडत नाहीत. पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी आहे. देसाईगंज (वडसा) हे तिचे केंद्र. धान घरात आल्यावर तिचा हंगाम सुरू होतो आणि नाटके रात्रभर चालतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

मंचावर तयार झालेल्या नटाला कॅमेऱ्यासमोर पहिली अडचण येते ती थांबण्याची. मंचावर तो हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मगच पुढचे वाक्य टाकतो. चित्रीकरणात समोर प्रेक्षक नसतो, त्यामुळे ही जागा संकलकाला राखावी लागते. वाक्य संपताच दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटले तर संकलकाच्या हाती काहीच उरत नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा आणखी काही क्षण टिपून ठेवलेला असावा, कारण पुष्कळदा हसू बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. नागपुरात जन्मलेले राजकुमार हिराणी पुण्याच्या चित्रपट संस्थेत संकलन शिकले, मग दिग्दर्शनाकडे वळले आणि आपल्या चित्रपटांचे संकलनही करत राहिले. विनोदासाठी हा क्रम फार मोलाचा आहे.

संवादात हसवणारा शब्द शेवटी यावा लागतो. ‘मी मामाला न सांगता मामाची गाडी घेतली’ या वाक्यात गंमत मध्येच सांडते. नागपुरी बोलण्यात ते असे येईल : ‘गाडी घेतली न बे मी. मामाची. मामाले न सांगता.’ क्रियापद आधी उरकून बाकीचे एकेक जोडत जाण्याची इथली सवय विनोदी लेखकाच्या पथ्यावर पडते. मात्र, नुसती वऱ्हाडी-नागपुरी बोली ऐकवली की लोक हसतील, ही समजूत साफ चुकीची आहे. त्या बोलीत इथली माणसे कर्ज मागतात, रडतात, कोर्टात साक्ष देतात. घरगडी किंवा बावळट मित्र एवढ्यापुरतीच ती वापरली, तर हसणे माणसाच्या अडचणीवरून सरकून त्याच्या बोलण्यावर जाते आणि प्रसंग तिथेच पातळ होतो.

मांडणीचे एक उदाहरण घेऊ. नवा जावई सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला बसला आहे. बेत सावजी मटणाचा. स्वयंपाकघरात सासू रश्श्यात तिखट घालते, ती वळताच मेहुणीही घालते. हे फक्त प्रेक्षक पाहतो. ‘तिखट चालते न तुमाले?’ ‘चालते का म्हणता, रोजचंच आहे.’ पहिला घास. त्याच वेळी सासरे नोकरीची चौकशी सुरू करतात. इथे जावयाने तोंड वेडेवाकडे केले की प्रसंग संपला. त्याने पगार, बढती, बदली यांची उत्तरे शांतपणे द्यायची. फक्त कान लाल आणि हात पुन्हा पुन्हा रिकाम्या पेल्याकडे. कॅमेरा समोर स्थिर, दोघेही एकाच चौकटीत, मध्ये कट नाही. सासऱ्यांचे ताट पितळी तांब्याआड ठेवलेले. मेहुणी रस्सा वाढायला दोनदा येते. तिसऱ्यांदा ती तांब्या उचलून नेते आणि सासऱ्यांचे ताट दिसते : बीपीमुळे त्यांच्यापुढे नुसता वरणभात आहे. ताट दडवायचे हे पटकथेतच लिहिलेले असावे, नाहीतर चित्रीकरणाच्या दिवशी तो तांब्या कुणीतरी सरकवून ठेवतो. असल्या प्रसंगाखाली ‘टुंग’ असा आवाज किंवा खट्याळ संगीत घालू नये. जावयाच्या श्वासाचा आवाज पुरतो.

पटकथा तयार झाल्यावर ती आठ-दहा जणांसमोर मोठ्याने वाचतात आणि हसू कुठे येते, कुठे यायला हवे होते, हे समासात टिपतात. संकलनाचा पहिला कच्चा पाठही नवख्या प्रेक्षकांना दाखवतात. कथेला लागणारे वाक्य हशात बुडत असेल तर त्याआधी अर्धा-एक सेकंद वाढवतात. हशा आलाच नाही तर मात्र बहुधा दोष त्या जागेत नसून आधीच्या तयारीत असतो. जावयाच्या प्रसंगात मेहुणीचे तिखट घालणे नीट दिसले नसेल, तर जेवणाचा भाग कितीही कापला तरी उपयोग होत नाही. स्वयंपाकघराचे दृश्यच पुन्हा चित्रित करावे लागते.