घरगुती मेणबत्तीसाठी मेणाची निवड

मेणबत्ती घरी करताना रंग आणि सुगंधाच्या आधी मेण ठरवावे लागते. मेणबत्ती नुसती उभी राहणार की पेल्यात, आणि ती ठेवणार कुठे, यावर ते ठरते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर. अशा उकाड्यात मऊ मेणाची उभी मेणबत्ती वितळत नाही, पण मान टाकते.

उभ्या मेणबत्तीसाठी पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारे मेण, सर्वांत सोयीचे. लादी घेताना वितळणांक विचारून घ्यावा. ५८ ते ६० अंश सेल्सिअसचे मेण घ्यावे. किलोला ५० ते १०० ग्रॅम स्टिअरिक ॲसिड (तेला-चरबीपासून मिळणारा मेणासारखा पांढरा पदार्थ) घातले की मेणबत्ती कडक, दुधाळ होते आणि साच्यातून सहज सुटते. पॅराफिन थिजताना आकसते, म्हणून वातीभोवती खळगा पडतो. त्यासाठी थोडे मेण राखून ठेवावे. वर साय धरली की काडीने दोन-तीन भोके पाडून ते ओतावे.

मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, उन्हाळा सोसते आणि त्याला स्वतःचा मधाळ वास असतो. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर परिसरात मधपालन जुने आहे; तिथले मांघर २०२२ पासून ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. मध काढून उरलेली पोळी पाण्यात मंद उकळून फडक्यातून गाळावीत. गार झाल्यावर वर पिवळी चकती जमते. तिच्या तळाचा काळपट गाळ सुरीने खरवडून टाकावा. चकती पूर्ण वाळवावी, नाहीतर पाण्याच्या अंशाने ज्योत तडतडते. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडाने किंवा तांब्याने मेणाचा रंग बिघडतो. हे मेण महाग आणि घट्ट, त्यामुळे वात जाड लागते.

सोयामेण मऊ, म्हणून ते पेल्यातच वापरावे. महाबळेश्वरच्या गारठ्यात ते काचेपासून सुटते. पेला आधी कोमट करून घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. पृष्ठभागावर येणारी पांढरी बुरशीसारखी नक्षी हा त्याचा स्वभाव आहे, भेसळ नव्हे.

साच्यात १०० मिली पाणी मावत असेल तर सुमारे ९० ग्रॅम मेण लागते. मापानंतर साचा कोरडा करावा. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घालावे. पाणी ओतू नये, त्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण अंगावर उडते. खाण्याचा रंग पाण्यात विरघळणारा असल्याने मेणात मिसळत नाही, तळाशी थेंब होऊन बसतो. मेणबत्तीचाच रंग घ्यावा.

सगळा घाणा ओतण्याआधी एक मेणबत्ती दोन तास जाळून पाहावी. ज्योतीभोवती अरुंद विहीर पडली तर वात बारीक आहे. काजळी धरली आणि ज्योत नाचू लागली तर जाड.