मुंबई एफसी की मुंबई सिटी?

2025 मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, तेव्हा 'हा आपल्या मुंबई सिटीचा ना?' असं मला दोघा-तिघांनी विचारलं. नाही हो, तो मुंबई एफसीचा. हे मुंबईचे दोन वेगवेगळे फुटबॉल संघ. नावात फक्त एका 'सिटी'चा फरक असल्यामुळे भलेभले इथे फसतात.

मुंबई एफसी 2007 मध्ये निघाला. पिवळी जर्सी, आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल लीग) आणि कूपरेजचं मैदान. चर्चगेटला उतरायचं आणि चालत मैदान गाठायचं. कूपरेज इतकं छोटं की बचावपटूंना ओरडून सांगितलेलं स्टँडमध्ये ऐकू यायचं, आणि स्टँडमधून हासडलेली शिवी बहुधा त्यांनाही. 'यलो ब्रिगेड' नावाचे मोजके पाठीराखे गळा फाडून ओरडत. खेळ, खरं सांगायचं तर, फार देखणा नसे. आय-लीगमध्ये तळाला गेलेल्या संघाला खालच्या श्रेणीत ढकललं जाई, त्यामुळे एक गुण वाचवून नेणं हाच सण.

2009 पासून सात वर्षं खालिदने हीच राखण केली. 2016 मध्ये तो गेला. पुढच्याच मोसमात, 2016-17 मध्ये, त्याने मिझोरमच्या ऐजॉलला आय-लीग जिंकून दिली आणि त्याच तक्त्यात मुंबई एफसी शेवटच्या जागेवर! संघ खाली गेला, मग बंदच पडला. असा योग कुणी गोष्टीत लिहिला असता तर आपण 'काहीही!' म्हटलं असतं.

मुंबई सिटीचा जन्म 2014 चा, इंडियन सुपर लीगसोबतच. आधी लीग आखली, मग शहरं ठरली, मग संघ उभे राहिले. रणबीर कपूर सहमालक, निळी जर्सी, घरचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. ते मुळात क्रिकेटचं, त्यामुळे प्रेक्षक आणि टचलाइन (मैदानाची कडेची रेघ) यांच्यात चांगलंच अंतर. पहिल्या मोसमात आठ संघांत सातवा नंबर आला, पण काहीच बिघडलं नाही, कारण या लीगमधून कुणी खाली जातच नव्हतं. माझ्या मते दोघांमधला खरा फरक हाच. पिवळ्यांचा प्रत्येक सामना जिवावरचा असे, निळ्यांना चुका करत वाढायला सवड मिळाली.

नावातल्या 'सिटी'मुळे आणखी एक घोटाळा होतो: ते मँचेस्टर सिटीवरून आलं असं वाटतं. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने 65 टक्के हिस्सा घेतला 2019 मध्ये. नाव त्याच्या पाच वर्षं आधीचं. पैसा आणि परदेशी प्रशिक्षक आले हे खरं, पण बारसं आधीच झालं होतं.

गोंधळाचं मूळ मात्र 2014 ते 2017 या काळात आहे. दोन्ही संघ एकाच वेळी हयात होते. सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उरकायची, मग आय-लीग सुरू व्हायची, आणि एकच खेळाडू दोन लीगमध्ये दोन जर्सींत दिसू शकायचा. वर पुण्याचं बालेवाडी स्टेडियम दोघांच्याही वाट्याला आलं. कूपरेजचं काम चाललं होतं तेव्हा मुंबई एफसी 'घरचे' सामने पुण्यात खेळला, आणि 2023 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी इराणच्या नसाजीला मुंबई सिटीनेही तिथेच बोलावलं. सौदीच्या अल-हिलालशी सामना मात्र डी. वाय. पाटीलवर झाला; त्यांचा नेमार दुखापतीमुळे आला नाही, ती हळहळ वेगळीच.

मुंबई सिटी 2016 पासून अंधेरीच्या क्रीडा संकुलात खेळतो. मेट्रोने आझाद नगरला उतरलं की निळ्या जर्सी दिसायला लागतात. 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड'चे ढोल आणि 'आमची सिटी'चे फलक याच गर्दीतले. गंमत म्हणजे 2020-21 मध्ये शील्ड (साखळीत अव्वल येण्याचं बक्षीस) आणि करंडक (अंतिम सामन्याचा) दोन्ही जिंकले तेव्हा ही मंडळी घरात अडकली होती. करोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. पुढचा करंडक मे 2024 मध्ये मिळाला, तोही कोलकात्यात मोहन बागानच्या खच्चून भरलेल्या सॉल्ट लेकवर, आधी एक गोल खाऊन मग 3-1 ने.